डाव्या डोळ्याचा धडा

आमच्या घरात कोणी दुसऱ्या खोलीतून हाक मारून बोलत नसे. आईला काही सांगायचं असलं की ती हातातलं काम ठेवून समोर यायची, आपल्याकडे तोंड करून उभी राहायची आणि मग बोलायची. ओठ पूर्ण उघडून, शब्द सुटा सुटा करून, घाई न करता. सगळ्यांच्याच आया अशा बोलतात असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. मैत्रिणींच्या घरी स्वयंपाकघरातून आरोळ्या यायच्या, पाठमोऱ्या आया भांडी घासता घासता बोलायच्या, तेव्हा मला त्या रागावल्यात असं वाटायचं. आई कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची, तेही सगळ्यात लहान वर्गाला, आणि ती सवय तिनं घरीही आणली होती. माझी आत्या आमच्याकडेच राहायची. ती म्हणायची, "वहिनीचं बोलणं मले भिंतीपलीकडून नाही समजत, पण काचेपलीकडून समजते."

नागपूरचं आमचं मनीषनगर तेव्हा अर्धं प्लॉट आणि अर्धं झुडुपांचं होतं. रेल्वेचं फाटक पडलं की स्कूटर बंद करून लोक अर्धा अर्धा तास गप्पा मारत, आणि मालगाडीची धडधड आमच्या मांडणीतल्या ताटल्यांना ऐकू यायची. बाबा कळमेश्वरच्या एका कारखान्यात होते, पहाटेच्या बसनं जायचे. त्यांचं घराणं उमरेडचं, विणकरांचं. माग विकून वर्षं झाली होती, पण विणकराच्या घरचा मसाला काही आम्ही सोडला नव्हता. रविवारी आत्या खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, मिरे असं सगळं तेलात भाजायला घ्यायची, आणि शेजारच्या तीन घरांत ठसका लागायचा. मग पाटवडीचा रस्सा, वर तेलाचा लाल थर, आणि नाक पुसत पुसत जेवणारे आम्ही चौघं. आजही माझ्या हातून तो रस्सा तसा होत नाही. आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. ती चाखून फक्त भुवया उडवते, मत देत नाही.

सुरुवात अगदी बारीक झाली. आईच्या डाव्या डोळ्याची खालची पापणी लवायची, जशी सगळ्यांचीच कधीतरी लवते. आत्याला आनंद झाला. बाईचा डावा डोळा लवणं शुभ, आणि तो रोज लवतो म्हटल्यावर तिनं त्या शुभाच्या खात्यावर काय काय टाकलं: माझे दहावीचे मार्क, बाबांची पगारवाढ, उमरेडच्या चुलतभावाचं जमलेलं लग्न. वर्ष झालं तरी पापणी थांबेना. उलट ते खाली उतरलं. आधी डोळा मिटायला लागला, मग गाल ओढला जायला लागला, मग ओठाचा डावा कोपरा वर खेचला जायचा, सुटायचा, पुन्हा खेचला जायचा. बाबा एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "ताई, आता पुरे झालं हे शुभ. एवढं शुभ कोणाले पेलते?"

मग उपाय सुरू झाले. जायफळ उगाळून लावलं. बदामाचं तेल चोळलं. चष्म्याचा नंबर बदलून आणला. ताकदीची इंजेक्शनं झाली. फाटकाजवळच्या डॉक्टरांनी सांगितलं की टेन्शन आहे, बाई, टेन्शन घेऊ नका. कोणीतरी लकव्याचं नाव काढलं, तेव्हा आत्या देवापाशी जाऊन बसली. बाजारात भाजीवाला उगाच हसला, तेव्हापासून आई बाहेर पडली की पदर गालावर धरायला लागली. पण शाळेत पदर धरून चालणार नव्हतं. तिथं तिचा चेहराच तिचा फळा होता.

त्या वर्गाबद्दल सांगायला हवं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, बी.एस्सी.ला, आणि शनिवारी सकाळी बऱ्याचदा आईबरोबर जायची. छोट्या खुर्च्या अर्धगोलात मांडलेल्या, मुलांच्या छातीवर पट्ट्यांनी बांधलेली डबीएवढी श्रवणयंत्रं, त्यातून कानात गेलेल्या वायरी. त्या काळी आमच्या शाळेत वर्गात हातानं खुणा करायला मनाई होती. मुलांनी ओठ वाचायचे आणि बोलायला शिकायचं, हीच पद्धत. मैदानावर मात्र मुलं हातांनी इतक्या वेगानं बोलायची की मला हेवा वाटायचा. आई एकेका मुलाला आरशासमोर घेऊन बसायची. दोन चेहरे शेजारी शेजारी. ओठांपुढं कागदाची पट्टी धरायची; 'प' म्हटलं की थोडी हलली पाहिजे, 'फ' म्हटलं की उडाली पाहिजे. मुलाचा एक हात आईच्या गालावर, दुसरा स्वतःच्या. आईच्या गालात जे होतं ते आपल्या गालात व्हायला हवं, एवढंच त्या मुलाला माहीत. एकदा तर अख्खा वर्ग 'मला'ऐवजी 'मले' म्हणायला लागला, कारण आईच्या तोंडून घरचं बोलणं निसटलं होतं आणि मुलांनी ते ओठांवरून उचललं होतं. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्यावर खूप हसल्या होत्या.

वर्गात चित्रा नावाची एक मुलगी होती. सहा-सात वर्षांची, दोन वेण्या, समोरचे दात पडलेले. तिचे वडील ऑटो चालवायचे. ती आईच्या चेहऱ्याकडे अशी बघायची, जशी लहान मुलं सर्कसकडे बघतात. एक हालचाल सोडायची नाही.

स्नेहसंमेलन हिवाळ्यात झालं. अंगणात मांडव, पुढं पालक, मागं शाली गुंडाळलेल्या आज्या. लहान वर्गाचा कार्यक्रम साधाच होता. प्रत्येकानं माइकपुढं येऊन आपलं नाव सांगायचं आणि एक वाक्य बोलायचं. ऐकणाऱ्या मुलांसाठी ते काहीच नाही. या मुलांसाठी ती वर्षाची कमाई. पहिली चित्रा आली. "माझं नाव चित्रा. मी पाणी पिते," ती म्हणाली. शब्द बऱ्यापैकी स्पष्ट आले. आणि 'पाणी' म्हणताना तिचा डावा डोळा गच्च मिटला, ओठाचा कोपरा वर गेला, आणि 'पिते' म्हणताना पुन्हा एकदा. पालक हसले, त्यांना ती गंमत वाटली. मग दुसरा मुलगा आला. त्याचाही डावा डोळा मिटला. तिसरी मुलगी, चौथी. प्रत्येक जण मन लावून, अगदी बरोबर, आईनं शिकवलं तसं बोलत होता. प्रत्येकाचा डावा डोळा मिटत होता आणि ओठ डावीकडे पळत होता. हसणं थांबलं. मी पालकांमध्ये बसले होते, आणि मला दिसत होतं की ही चेष्टा नाही. त्यांना वाटत होतं की मराठी अशीच बोलतात.

आई माइकच्या बाजूला उभी होती. तिनं एकदा मुलांकडे पाहिलं, एकदा पालकांकडे, आणि तिचा गाल असा उडायला लागला की डोळा उघडेचना.

मोठ्या बाईंनी दुसऱ्या दिवशी तिला बोलावून घेतलं. त्या प्रेमळ होत्या, पण काय करायचं ते त्यांनाही कळत नव्हतं. त्यांनी सांगितलं की काही दिवस लहान वर्ग दुसऱ्या बाईंकडे देऊ, तुम्ही ऑफिसचं काम बघा, बऱ्या झालात की परत या. आई घरी आली, पोळ्या लाटायला बसली, आणि पोळपाटाकडे बघत म्हणाली, "त्या पोट्ट्यांनी काही चूक नाही केली. माझ्या चेहऱ्यावर होतं तेच घेतलं." बाबा तिच्याजवळ पाटावर बसले. "आता टेन्शनवाले डॉक्टर बस झाले," ते म्हणाले. "मेंदूच्या डॉक्टरकडं जाऊ. रंजू, तू चाल आमच्यासंगं. तुले त्यांचं बोलणं समजंल."

रामदासपेठेतल्या त्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मी अशी तपासणी त्याआधी पाहिली नव्हती. त्यांनी बराच वेळ हात लावलाच नाही. आईला बोलत राहायला सांगितलं, आई शाळेचं आणि संमेलनाचं सांगत राहिली, आणि त्या नुसत्या बघत राहिल्या. मग आमच्याकडे वळल्या. "हे झोपेत पण होतं का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "होतं," मी म्हणाले. "दुपारी ती झोपली की पण गाल हलतो."

"दुसऱ्या बाजूला कधी?"

"कधीच नाही."

त्या खूश झाल्यासारख्या दिसल्या. आईला म्हणाल्या, "बाई, तुम्हाला कोणी सांगितलं का, की हे मनाचं आहे? टेन्शनचं?"

"सगळ्यांनीच," आई म्हणाली.

"मग हे बघा." त्यांनी टेबलावरचा छोटा आरसा आईपुढं धरला. "आता डोळा मिटेल तेव्हा डोळ्याकडे बघू नका, भुवईकडे बघा." आम्ही सगळे वाट बघत बसलो. डोळा मिटला, आणि त्याच क्षणी डावी भुवई वर गेली. "दिसलं? आता तुम्ही करून बघा," त्या मला म्हणाल्या. "डावा डोळा घट्ट मिटा आणि तीच भुवई वर उचला."

मी केलं. भुवई खाली यायची. पुन्हा केलं, पुन्हा खाली. बाबांनी करून पाहिलं, त्यांचा तर सगळा चेहराच गोळा झाला.

"नाही होत," डॉक्टर म्हणाल्या. "ठरवून कोणालाच जमत नाही. डोळा मिटणारा स्नायू आणि भुवई उचलणारा स्नायू आपण एकत्र चालवू शकत नाही. म्हणजे यांचं मन हे करत नाहीये. यांच्या वर्गातली मुलं पण डोळा मिटतील, पण भुवई त्यांना जमायची नाही. हे खाली, नसेतच होतंय." मग त्यांनी नाव सांगितलं, हेमिफेशियल स्पाझम. अर्ध्या चेहऱ्याचा आचका.

त्यानंतर त्यांनी समजावलेलं मला आजही जसंच्या तसं आठवतं, कारण प्राणिशास्त्राच्या पुस्तकात नसांचं चित्र रंगवताना मला ते सगळं मेलेलं वाटायचं, आणि त्या दिवशी ते आईच्या गालात जिवंत झालं. मेंदूच्या देठातून चेहऱ्याची नस निघते. नेमकं तिथंच कधीकधी रक्ताची एक वाहिनी वळसा घेऊन तिला टेकते. हृदय धडकलं की वाहिनी उडते, आणि प्रत्येक उडीला नसेला ठोसा बसतो. वर्षानुवर्षं. नसेवरचं वेष्टण तिथं झिजतं, आणि मग एका धाग्यातला निरोप शेजारच्या धाग्यात शिरतो. डोळ्यासाठी निघालेलं ओठाला पोचतं, ओठाचं भुवईला.

बाबा पुढं झुकून ऐकत होते. "तान्याच्या उभ्या सुतावरची खळ निघाली की असंच होते," ते म्हणाले. "सूत सुताले घासते, मंग अडकते."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाल्या.

घरी येईपर्यंत मी बोलतच होते. फाटक पडलेलं होतं, आणि तिथं स्कूटरवर बसून मी आईला ते सगळं पुन्हा सांगितलं, देठ, वळसा, वेष्टण. आई म्हणाली, "अवं, मीच होती तिथं." पण तिला मी थांबायला नको होतं, ते मला दिसत होतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिनं रस्त्यावर गालावर पदर घेतला नव्हता. घरी आत्याला आरशापुढं बसवून आम्ही भुवई उचलायला लावली. तिनं दोन्ही डोळे मिटले, तोंड उघडलं, पण भुवई काही वर जाईना. मग ती आईकडे वळून गंभीरपणे म्हणाली, "म्हणजे तू नाही करून राहिली हे." आणि रडायला लागली. तेव्हा मला समजलं की आत्याला इतके दिवस वाटत होतं, वहिनी आतून कशानं तरी दुःखी आहे आणि त्या दुःखाचं कारण आपल्या भावाच्याच घरात आहे.

एमआरआय नागपुरात नवं होतं. फिल्मवर तो वळसा खरंच दिसला. डॉक्टरांनी पेनाच्या टोकानं दाखवला, आणि मी तो फोटो इतका वेळ धरून ठेवला की बाबांनी तो माझ्या हातातून सोडवून घेतला. गोळ्या देऊन झाल्या, पण त्यांनी आई दिवसभर पेंगायची आणि गाल तेवढाच उडायचा. गालात टोचायचं एक इंजेक्शन असतं, दर काही महिन्यांनी घ्यावं लागतं, पण ते तेव्हा आमच्या गावात मिळत नव्हतं. उरलं ऑपरेशन. कानाच्या मागं छोटी खिडकी करायची, वाहिनी नसेपासून हळूच बाजूला करायची आणि दोघींच्या मध्ये मऊ गादीसारखा तुकडा ठेवायचा. आणि एक गोष्ट डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितली. ऐकण्याची नस अगदी त्याच नसेला चिकटून जाते. क्वचित तिला धक्का लागतो, आणि त्या कानाचं ऐकणं जातं.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "राहू दे. ऑफिसचं काम काय वाईट आहे? कान कायले धोक्यात घालतं?"

आई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, नेहमीसारखी. "मले ऐकू नाही आलं तं काय होते, ते मी रोज पाहते," ती म्हणाली. "मले त्याची भीती नाही वाटत तेवढी. पण मी जे शिकवते ते माझ्या तोंडावर वाकडं होऊन राहिलं. त्या पोट्ट्यांजवळ दुसरं काही नाही. त्यांच्याजवळ माझंच तोंड आहे."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "केव्हा करायचं म्हणते?" एवढंच ते म्हणाले.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही तिघं बाकावर बसून होतो. आत्यानं डब्यात वडाभात आणला होता, कोणी उघडला नाही. बाबा कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जायचे आणि परत यायचे. मी डोळे मिटून तो वळसा बघत होते, आणि खरं सांगायचं तर भीतीबरोबर मला एक विलक्षण उत्साहही वाटत होता. आत्ता, या भिंतीपलीकडे, कोणीतरी तो प्रत्यक्ष बघतंय. सर्जन बाहेर आले तेव्हा मी आई कशी आहे हे विचारायच्या आधी विचारलं, "तिथंच होती ना ती वाहिनी?" ते हसले. "तिथंच. आई बऱ्या आहेत."

पण दुसऱ्या दिवशी आईचा गाल उडाला. आम्ही सगळे बघत होतो, तिनंही ते ओळखलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की नसेला इतक्या वर्षांची सवय लागलीय, काहींची ती लगेच जाते, काहींची महिने घेते. शिवाय डावा कान पाणी भरल्यासारखा झाला होता. घरी आल्यावर तिनं स्वतःचीच परीक्षा घ्यायला लावली, शाळेत ती मुलांची घ्यायची तशी. उजव्या कानात बोट घालून ती भिंतीकडे तोंड करून बसायची, आणि आम्ही मागं. आत्या ताटली वाजवायची, बाबा डबा वाजवायचे, मी हळू आवाजात शब्द म्हणायची. ऐकू आलं की तिनं हात वर करायचा. पहिल्या दिवशी ताटलीला हात वर गेला, शब्दांना नाही. रोज सकाळी बाबांची बस निघायच्या आधी ही परीक्षा व्हायची. एका सकाळी मी जवळजवळ कुजबुजत 'फणस' म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करूनच ती म्हणाली, "'फ' नीट म्हण. ओठ कमी उघडून राहिली."

मे महिन्यात गच्चीवर कुरडया घालायला बसलो होतो. आत्या सोऱ्या दाबत होती, मी कापड सरकवत होते, आई सावलीत बसून आम्हाला दोघींना शिकवत होती. चीक पातळ झाला, गोल नीट येत नाही, ऊन गेलं की सगळं फुकट. पातेलं संपलं तरी ती बोलतच होती. अचानक माझ्या लक्षात आलं की मी तिच्या गालाकडे बघितलंच नाही, कारण तिथं बघण्यासारखं काही घडलंच नव्हतं. मी आत्याचा हात दाबला. आत्यानं पाहिलं. आई म्हणाली, "काय झालं? काहून थांबल्या दोघी?" आत्या म्हणाली, "काही नाही, तू बोल." आणि आम्ही तिला दुपारपर्यंत बोलतं ठेवलं. कुरडया त्या वर्षी वाकड्यातिकड्या झाल्या.

कधी थांबलं, ते नेमकं कोणालाच सांगता आलं नाही. मी गेली कितीतरी वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. मज्जासंस्थेच्या धड्याला अख्ख्या वर्गाला डावा डोळा मिटून भुवई उचलायला लावते. मुलं हसून लोळतात. मग मी फळ्यावर तो वळसा काढते.

त्या जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा मोठ्या बाईंनी लहान वर्गातली तीच मुलं आईला परत दिली. पहिल्या दिवशी मी मुद्दाम गेले. मुलं अर्धगोलात बसली होती. आईनं चित्राला आरशाजवळ बोलावलं, तिचा हात आपल्या गालावर ठेवला आणि म्हणाली, "पाणी." चित्रा बघत राहिली. हात गालावरच होता, ती थांबली होती. आईनं पुन्हा म्हटलं, "पाणी." चित्रानं मान हलवली. नाही. तिनं आईच्या गालावर बोटानं दाबून पाहिलं, आत काही हलतंय का ते. मग ती खुर्चीवरून उतरली, आईच्या अगदी समोर आली, स्वतःचा डावा डोळा गच्च मिटला, ओठ ओढला, आणि सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाली, "पा-णी." आणि दुसऱ्या हातानं आईची डावी पापणी खाली ओढून तिला दाखवलं की असं. असं म्हणायचं असतं.

माझ्या शेजारी दारात मोठ्या बाई उभ्या होत्या, त्यांनी तोंडावर हात धरला. आई मात्र हसली नाही. चित्राचं बोट आपल्या पापणीवर तसंच राहू देऊन तिनं मान डोलावली, जणू चूक तिचीच होती आणि ती कबूल आहे. मग तिनं चित्राला मांडीवर घेतलं, आरसा दोघींच्या पुढं ओढला, आणि आपले दोन्ही डोळे उघडे असताना ओठ कसे मिटतात तेवढंच दाखवलं. एकदा, दोनदा, पुन्हा. शाळा सुटायची घंटा झाली. घंटेबरोबर भिंतीवरचा दिवा लागतो, तो दिसला तशी सगळी मुलं उठली, दप्तरं घेतली. आरशापुढच्या त्या दोघी उठल्या नाहीत.